आबांच्या हृदयातला चुना

दिवाळीला आई-आबांना काय द्यायचं? मिक्सर झाला, मोबाइल झाला. म्हटलं, यंदा हेल्थ चेकअप! आबा आष्ट्याहून सांगलीला जाऊन टेस्ट करून आले आणि पुण्यात माझ्या मोबाइलवर रिपोर्ट आदळला. कॅल्शियम स्कोअर ३१२. शून्य म्हणजे झकास, चारशेच्या वर म्हणजे मोठा धोका. आबा मधेच लटकलेले.

वीकेंडला गाव गाठलं, तर आईनं आबांचं दूधच बंद केलेलं. आणि आबा तळहातावर तंबाखू मळत विचारतायत, ‘‘ह्योच चुना वर गेला म्हणायचा काय रं?’’

डॉक्टरांकडे गेलो तेव्हा मी नेटवर वाचून फुल तयारीत होतो. ‘‘न्यूक्लिअर स्कॅन करू या ना!’’

डॉक्टर हसले. म्हणाले, सीटी स्कॅनमध्ये रक्तवाहिन्यांतला जुना, घट्ट झालेला कॅल्शियम दिसतो. पेट स्कॅनसाठी शिरेतून किरणोत्सारी सोडियम फ्लोराइड देतात. कॅल्शियम जिथं आत्ता साठतंय, तिथं ते जास्त चिकटतं. थोडक्यात, सीटीत जुनी भिंत दिसते, पेटमध्ये चालू बांधकाम. एडिंबरामधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये हार्ट अटॅक आलेल्या ४० पेशंट्सचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ३७ जणांत सर्वांत जास्त फ्लोराइड नेमकं अटॅक आणणाऱ्या गाठीत सापडलं!

मग आबांचा स्कॅन का नको? भारतातलं पहिलं पेट सेंटर २००२ मध्ये मुंबईत, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झालं. पण हे फ्लोरिन दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. सहा तासांच्या प्रवासात जेमतेम दहावा हिस्सा उरणार. आणि मुख्य म्हणजे, हृदयासाठी हा स्कॅन अजून प्रामुख्यानं संशोधनातच वापरतात.

‘‘आबांना छातीत दुखत नाही, दम लागत नाही. उपाय ठरवायला ३१२ हा आकडा पुरे,’’ डॉक्टर म्हणाले. स्टॅटिनची गोळी, बीपीवर लक्ष, रोज चालणं. सारखा स्कोअर काढायचा नाही, कारण गोळीनं गाठ पक्की होते आणि आकडा उलट वाढू शकतो. दूध चालू. चुना निर्दोष, तंबाखू मात्र कायमची बंद.

निघताना आबांनी चंची माझ्या हातात ठेवली. ‘‘घेऊन जा पुण्याला.’’ मी ती खिशात कोंबायला गेलो, तर सिगरेटचं पाकीट बाहेर डोकावलं.

आबा शांतपणे म्हणाले, ‘‘आन् ह्ये कोण घेऊन जाणार?’’