पावसाळा, मोटार आणि समोरची काच

स्मरणिकेसाठी लेख मागितला की आम्ही व्यापारी मंडळी बहुधा बाजारभाव, करआकारणी किंवा उधारी यांविषयी चार शब्द लिहितो. हे विषय महत्त्वाचे आहेतच. परंतु यंदा आम्ही वरवर पाहता क्षुल्लक वाटणाऱ्या एका वस्तूविषयी लिहिण्याचे धाडस करीत आहोत. ती वस्तू म्हणजे मोटारीची समोरची काच. वाचक बंधुभगिनींनी हसू नये. या काचेने आम्हांस जो धडा दिला तो चाळीस वर्षांच्या पेढीनेही दिला नव्हता.

बेळगावचे धान्य गोव्यात उतरते ते घाटातूनच. जांबोटी, कणकुंबी करीत चोर्ला घाटातून साखळीकडे, नाहीतर आंबोली घाटातून सावंतवाडीकडे, असे आपले तांदूळ, ज्वारी आणि डाळींचे ट्रक जात असतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत या दोन्ही वाटांवर पाऊस आणि धुके यांचेच राज्य असते. आपण ताडपत्री नवी घेतो, पोती भिजू नयेत म्हणून खाली-वर प्लॅस्टिक घालतो, मालाचा विमा उतरवतो. मात्र ज्या काचेतून चालकाला वाट दिसावयाची, ती पुसलेली आहे की नाही, हे पाहण्यास आपणांपैकी किती जण पेढीवरून उठतात? गाडीवर 'क्लीनर' म्हणून एक मुलगा असतो. पण क्लीनर असूनही काच मळकी, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

आपल्या धर्मात पाच समिती सांगितल्या आहेत. त्यांतील पहिली ईर्यासमिती. साधू चार हात पुढची भूमी नीट न्याहाळूनच पाऊल टाकतात, आणि पावसाळ्यात जीवोत्पत्ती फार म्हणून चातुर्मासात एके ठिकाणीच राहतात. गृहस्थाला, त्यातून व्यापाऱ्याला, चातुर्मास पाळून वखार बंद ठेवता येत नाही. परंतु यत्नाचार, म्हणजे जपून वागणे, त्यालाही सुटलेला नाही. आता हिशेब करून पाहा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात १६ मीटरांहून अधिक, म्हणजे सुमारे ३६ हात अंतर कापते. साधूंना चार हात पाहावे लागतात. आपल्या चालकाला प्रत्येक सेकंदाला छत्तीस हात पाहावे लागतात, आणि तेही काचेतून. म्हणून काच निर्मळ ठेवणे ही केवळ टापटीप नव्हे; ती मोटारीची ईर्यासमितीच होय.

अलीकडे बाजारात काचेवर लावावयाचे पाणी झटकणारे लेप पुष्कळ आले आहेत. त्यांचे मर्म समजून घेणे कठीण नाही. काच मूळची वाळूची. तिच्या पृष्ठभागाला पाण्याचे आकर्षण असते; म्हणून स्वच्छ काचेवर थेंब पडला की तो पसरतो, आणि काचेवर थोडा मळ असला तर कोठे पसरतो, कोठे साचतो, व समोरचे दृश्य वेडेवाकडे दिसू लागते. या लेपांत बहुधा सिलिकॉन जातीची संयुगे असतात. त्यांचे एक टोक काचेला घट्ट धरते आणि दुसरे टोक पाण्याला दूर लोटते. मग थेंब पसरत नाही, मण्यासारखा उभा राहतो व वाऱ्याने घरंगळून जातो. अशा काचेवर थेंबाच्या कडेचा कोन सुमारे १०० ते ११० अंश भरतो. स्वच्छ, बिनलेपाच्या काचेवर तो याच्या निम्म्याहूनही कमी असतो.

ही युक्ती निसर्गाने फार पूर्वीच कमळाच्या पानावर केलेली आहे. जळात राहूनही जळाने न लिंपणाऱ्या कमळाची उपमा उत्तराध्ययन सूत्रात येते, गीतेतही येते. १९९७ साली जर्मनीतील बार्थलॉट व नाइनहुइस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिचे शास्त्रीय कारण सविस्तर मांडले. कमळाच्या पानावर मेणाचा थर असतो आणि शिवाय डोळ्यांस न दिसणारे बारीक उंचवटे असतात. त्यामुळे थेंब जवळजवळ पूर्ण गोल राहतो व जाताना धूळही घेऊन जातो. मोटारीच्या काचेवर असे उंचवटे वायपरच्या घासणीखाली टिकणे कठीण. म्हणून काचेचा लेप कमळाची बरोबरी करू शकत नाही, हे विक्रेता काहीही म्हणो, ध्यानात ठेवावे.

मनुष्यानेही ही विद्या बरीच आधी हस्तगत केली होती. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील पॅटनोड या रसायनशास्त्रज्ञास सिलिकॉनच्या वाफेने वस्तू जलप्रतिकर्षक करण्याच्या पद्धतीचे पेटंट १९४२ साली मिळाले. मोटारीच्या काचेसाठी 'रेन-एक्स' हा लेप तेथे १९७२ साली बाजारात आला. आज आपल्याकडे अशा अनेक बाटल्या मिळतात. काहींत फ्लोरिनयुक्त संयुगे असतात. ती अधिक दिवस टिकतात हे खरे. परंतु त्यांतील पुष्कळशी संयुगे माती-पाण्यात गेल्यावर सहजी नष्ट होत नाहीत. जीवदयेचा विचार करणाऱ्याने बाटलीवरील मजकूर वाचून सिलिकॉनचा लेप निवडावा, असे आमचे मत आहे.

आता या लेपाची मर्यादा. मोकळ्या हमरस्त्यावर ताशी ६०-७० किलोमीटर वेग असला की वारा थेंबांना ढकलून देतो आणि वायपरचे काम हलके होते. परंतु घाटात भरलेला ट्रक ताशी २०-२५ किलोमीटरनेच चढतो. तेथे वारा पुरत नाही. थेंब मण्यांसारखे जागच्या जागी बसून राहतात, आणि समोरून गाडी आली की तिच्या दिव्याने प्रत्येक मणी चमकून डोळे दिपवतो. म्हणून लेप लावला तरी वायपरला सुट्टी देता येत नाही. वायपरचे रबर दरवर्षी मृगापूर्वी बदलावे. जुने, कडक झालेले रबर लेपावर थरथरते, काच घासते आणि लेपही खाऊन टाकते.

लेप लावण्याची रीत साधी आहे, पण तीत घाई चालत नाही. प्रथम काच साबणाच्या पाण्याने धुवावी. मग तिच्यावरचा तेलकट थर आणि क्षाराचे पांढरे डाग काढावेत. डागांना व्हिनेगर पाण्यात मिसळून लावल्यास बहुधा काम होते. काच पूर्ण कोरडी झाल्यावर, सावलीत, स्वच्छ फडक्याने लेप गोलाकार फिरवून लावावा. तो धुरकट दिसू लागला की दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून लख्ख करावा आणि पुन्हा एक हात द्यावा. पुष्कळशा लेपांत अल्कोहोल असते. म्हणून उदबत्ती, विडी किंवा शेगडी जवळ नसावी. साधा लेप काही आठवडे ते काही महिने टिकतो. पाणी मण्यांसारखे जमणे थांबले की तो गेला असे समजावे. मळक्या काचेवर लावलेला लेप मात्र न लावल्याहून वाईट. पाया कच्चा ठेवून वर रंग देण्यासारखेच ते आहे.

काचेच्या आतल्या बाजूस वाफ धरते तेथे हा लेप लावू नये. आत हवे ते बरोबर उलट: पाण्याचे बारीक थेंब न होता ते एकसारखे पसरले पाहिजे. त्यासाठी वेगळी द्रव्ये मिळतात. शिवाय वातानुकूलन किंवा गरम हवेचा झोत काचेवर सोडला की वाफ जाते. जुने चालक काचेवर तंबाखू चोळीत, कोणी चिरलेला बटाटा फिरवीत. त्यानेही पाणी पसरते व थोडा वेळ दिसते, हे खरे आहे. तथापि एक व्यसनाची वस्तू आणि दुसरे कंदमूळ. आमच्या वखारीत दोन्ही मिळण्याची सोय नसल्याने आमच्या चालकांची पंचाईत होत असे. कोणी रॉकेलचा बोळा फिरवतात, ते मात्र कधीही करू नये. रॉकेलचा तेलकट थर रात्री दिव्याच्या उजेडात डोळ्यांपुढे पडदा उभा करतो.

आता ज्यासाठी हा लेख लिहिण्यास बसलो ती गोष्ट. २०१० सालच्या पौष महिन्यात आम्ही आमच्या मोटारीच्या सर्व काचांना फिल्म लावून घेतली. बाजूच्या काचांना काळी आणि समोरच्या काचेला फिकट निळी. ऊन लागणार नाही, बैठकीचा रंग उडणार नाही, असे दुकानदाराने सांगितले आणि आम्हांसही ते पटले. आमचा चालक दोन वेळा म्हणाला, "मालक, दिवेलागणीला समोरचं नीट दिसत नाही." आम्ही त्याला उत्तर दिले, "अरे, सगळे जग लावते. डोळ्यांना सवय होईल."

चौथ्या दिवशी निपाणीकडून परत येताना सूर्य नुकताच मावळला होता. गळीत हंगाम चालू होता. उसाने भरलेली एक बैलगाडी, मागे दिवा नाही, रस्त्याच्या कडेने चालली होती. चालकाला ती दिसली, पण उशिरा दिसली. मोटार गाडीच्या चाकाला घासून पुढे गेली आणि उजव्या बैलाचा मागचा पाय मोडला. माणसे वाचली. बैल खाली बसला आणि आमच्याकडे पाहत राहिला. त्याची ती नजर आम्ही अद्याप विसरलो नाही.

आम्ही नुकसानभरपाई दिली आणि बैल पांजरपोळात पाठविण्याची तयारी दाखविली. शेतकरी म्हणाला, "घरचा आहे, घरीच राहील." बैल पुढे चार वर्षे जगला, औताला मात्र कधी लागला नाही. त्याच्या वैरणीचे पैसे आम्ही दर महिन्यास पाठवीत होतो. मुनिमाने विचारले, ही रक्कम धर्मादाय खाती टाकू काय? आम्ही नाही म्हटले. तो धर्म नव्हता. ते देणे होते. चालकाची चूक काढण्यास लोक तयार होते, पण चालकाने आधी सांगितले होते आणि ऐकले नव्हते ते आम्ही.

नंतर आम्ही या फिल्मचा हिशेब शिकलो, तो व्यापाऱ्याला मुळातच यावयास हवा होता. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १०० प्रमाणे समोरच्या व मागच्या काचेतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून निदान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. जी काच मुळात ७० टक्केच प्रकाश देते तिच्यावर निम्मा प्रकाश अडवणारी फिल्म चिकटविली तर उरतात ३५ टक्के. दिवसा डोळा हे सांभाळून घेतो. तिन्हीसांजेला सांभाळीत नाही. शिवाय समोरची काच दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर दाबून केलेली असते, आणि तो थर अतिनील किरणांचा बहुतेक भाग स्वतःच अडवितो. म्हणजे ज्या रोगासाठी आम्ही औषध घेतले, त्याचा मोठा भाग तेथे नव्हताच.

२७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोटारीच्या काचांवर कोणत्याही प्रमाणाची फिल्म चिकटविण्यास मनाई केली. पुढे नियम १०० मध्ये दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०२१ पासून प्लॅस्टिकचा थर दिलेल्या सुरक्षा-काचेस जागा मिळाली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ठरविलेल्या प्रमाणातील फिल्मसाठी दंड करता येणार नाही असा निर्णय दिला. तरीही ७० आणि ५० ही प्रमाणे कायमच आहेत. फिल्म लावण्यापूर्वी आपल्या भागातील परिवहन कार्यालयात चौकशी करावी, आणि समोरच्या काचेस तर आमच्या मते काहीच चिकटवू नये.

फिल्म सर्वत्र वाईट, असे मात्र आमचे म्हणणे नाही. दुकानाच्या दर्शनी काचेस १०० ते २०० मायक्रॉन जाडीची पारदर्शक सुरक्षा-फिल्म आतून लावली, तर काच फुटली तरी तिचे तुकडे उडत नाहीत. फिल्मलाच चिकटून राहतात. काच फुटणे तिने टळत नाही, इजा टळते. लहान मुले व ग्राहक यांची ये-जा असलेल्या पेढीवर हा खर्च करण्यासारखा आहे. आमच्या पेढीची काच अशीच आहे. वस्तू तीच, कोठे लावावी आणि कोठे लावू नये, हा विवेक आपला.

असो. संघटनेच्या सभासद बंधूंना आमची विनंती एवढीच आहे. यंदा मृग लागण्यापूर्वी आपापल्या गाडीपाशी स्वतः जावे. काच धुवून घ्यावी, रबर बदलावे, इच्छा असल्यास लेप लावावा. मग चालकाच्या जागेवर बसून, संध्याकाळच्या वेळी, त्या काचेतून एकदा समोर पाहावे. आणि चालक म्हणाला, "मालक, दिसत नाही," तर त्याच दिवशी ऐकावे. आमच्याकडून ते चार दिवस उशिरा झाले, आणि त्या चार दिवसांची किंमत एका मुक्या जीवाने चार वर्षे भरली.

जय जिनेंद्र.