सोमवारची वाट, रविवारची पाणंद

सोमवारी सकाळी साडेआठच्या सुमारास चांदणी चौकातून हिंजवडीकडे सरकणाऱ्या गर्दीत अलीकडे एका वेगळ्या बांध्याची मोटारसायकल वरचेवर दिसते. उंच आसन, चोचीसारखा पुढे आलेला मडगार्ड, तारांची मोठी चाके आणि मडगार्डच्या आतल्या अंगाला सुकून राहिलेला रविवारचा तांबडा चिखल. स्वाराच्या पाठीवर लॅपटॉपची पिशवी असते. काल हीच गाडी वेल्ह्याच्या पलीकडच्या एखाद्या पाणंदीत दगडगोट्यांवरून उड्या घेत होती. आज ती पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये पावलापावलाने पुढे जाते आहे.

अशी गाडी घेण्याची इच्छा घरात प्रथम बोलून दाखवली जाते, तेव्हा तीन प्रश्न उभे राहतात. मुलगा विचारतो, ताकद किती? वडील विचारतात, किंमत किती? आणि आई विचारते, ‘यावर मी बसणार कशी?’ या तिन्हींत आईच्या प्रश्नाला घरात सर्वांत कमी महत्त्व मिळते. वास्तविक तोच सर्वांत नेमका प्रश्न आहे, कारण तो आसनाच्या उंचीविषयी आणि गाडीच्या भाराविषयी आहे; आणि शहर व रानवाट या दोन्ही ठिकाणी चालवायच्या गाडीचा निकाल बहुतांशी या दोनच गोष्टींवर लागतो.

आधी साधा हिशेब मांडावा. घर ते कार्यालय वीस किलोमीटर धरले, तर जाऊन-येऊन चाळीस. महिन्याचे बावीस दिवस, म्हणजे ८८० किलोमीटर. वर्षाचे साडेदहा हजारांहून अधिक. महिन्यातून दोन रविवार बाहेर पडून दर खेपेस १२० किलोमीटर फिरणे झाले, तर वर्षाला आणखी २,८८० किलोमीटर. पण त्या १२० पैकी खरी कच्ची वाट किती? पौड, मुळशी, पानशेत, वेल्हे या बाजूंना जायचे तरी बराचसा रस्ता डांबराचाच. वीस किलोमीटर मुरूम, चिखल आणि ओढ्याचे गोटे मिळाले तरी पुष्कळ. वर्षाचे ४८० किलोमीटर. एकूण प्रवासातील शंभरामागे चारसुद्धा नव्हेत! जाहिरातीतील धुळीचे लोट मात्र नेमके या चारांचे असतात.

याचा अर्थ ते चार किलोमीटर नगण्य आहेत असा नाही. गाडी पडते ती तिथेच. आणि पडलेली गाडी उचलावी लागते, बहुधा एकट्याने, ओल्या उतारावर, दमलेल्या अंगाने. अशा वेळी इंजिनाची ताकद कामी येत नाही. १५५ किलोंची गाडी आणि १९६ किलोंची गाडी यांतील एक्केचाळीस किलोंचा फरक तक्त्यात किरकोळ वाटतो. चिखलात तो धान्याच्या पोत्याएवढा होतो. तोच फरक सोमवारी सिग्नलच्या गर्दीत, चढावरच्या खोळंब्यात आणि सोसायटीच्या अरुंद वाहनतळात गाडी मागे ओढतानाही जाणवतो. हलकी गाडी दोन्हीकडे सुखाची, जड गाडी दोन्हीकडे अवघड. म्हणून शहर आणि रान यांत तडजोड करावी लागते हे वरचेवर ऐकू येणारे म्हणणे निम्मेच खरे आहे. तडजोड करावी लागते ती महामार्गाशी. हलकी, उंच गाडी ताशी ऐंशी-नव्वदच्या पुढे वाऱ्याने डळमळू लागते आणि इंजिनही कुरकुरते. मात्र मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला मुळात प्रवेशच नाही. तेव्हा त्या वेगासाठी किती मोजायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

या प्रकारच्या गाड्या आपल्याकडे तशा नव्याच. हीरोने २०११ मध्ये ‘इम्पल्स’ नावाची १५० सीसीची गाडी आणली होती. ती काळाच्या थोडी आधी आली आणि फारशी न खपताच बंद पडली. २०१६ मध्ये रॉयल एनफील्डची ‘हिमालयन’ आली, आणि २०१९ च्या मे महिन्यात हीरोचीच ‘एक्सपल्स २००’. तिचे आकडे पाहिले म्हणजे या जातीच्या गाडीचा स्वभाव कळतो : पुढचे चाक २१ इंची, मागचे १८, जमिनीपासून पोटापर्यंतचे अंतर २२० मिलिमीटर, पुढच्या सस्पेन्शनची हालचाल १९० मिलिमीटर, मागच्याची १७०, आसन ८२३ मिलिमीटर उंच. मोठे चाक खड्ड्यात पूर्ण उतरत नाही, गोट्यावर आपटण्याऐवजी चढून जाते. पावसाळ्यातील पुण्याचे रस्ते पाहता हा गुण केवळ रविवारपुरता उपयोगाचा आहे, असे कोण म्हणेल? २०२५ मध्ये आलेली २१० सीसीची आवृत्ती अधिक ताकदीची आहे आणि तिचे वजनही १७० किलोंच्या आसपास गेले आहे.

सुझुकीची ‘व्ही-स्ट्रॉम एसएक्स’ २५० सीसीच्या वर्गातील. वजन १६७ किलो, पुढचे चाक १९ इंची. ती डांबरावर अधिक शांत. गोट्यांत मात्र थोडी जपून न्यावी लागते. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेली ४५२ सीसीची नवी हिमालयन १९६ किलोंची. जोडीने, सामानासह, चार-चार दिवसांचा प्रवास करणाऱ्यास तिच्यासारखी सोबत नाही. पण केवळ हिंजवडी आणि मुळशीसाठी ती घेणे म्हणजे रोजच्या भाजीला टेम्पो नेण्यासारखे आहे.

वडिलांच्या प्रश्नालाही येथे उत्तर मिळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरील गाड्यांवर तो ४० टक्के झाला. छोट्या आणि मोठ्या इंजिनांतील किमतीची दरी त्यामुळे आणखी रुंदावली. पेट्रोलचा हिशेब वेगळाच. लिटरला चाळीस किलोमीटर देणारी गाडी महिन्याच्या ८८० किलोमीटरना बावीस लिटर पिते. अठ्ठावीस देणारीला एकतीस लागतात. दरमहा नऊ लिटरांचा हा फरक कर्जाच्या हप्त्याशेजारी मांडून पाहावा.

चाकांविषयी विक्रेता फारसे बोलत नाही. तेव्हा ग्राहकानेच विचारावे. तारांच्या बहुतेक चाकांत ट्यूब असते. रानात तारांचे चाक आघात पचवते, पण बुधवारी सकाळी खिळा घुसला, तर चाक उतरवून ट्यूब काढल्याशिवाय गत्यंतर नसते. अलॉयच्या ट्यूबलेस चाकाला पंक्चरवाला पाच मिनिटांत मोकळे करतो. शिवाय गॅरेजात ज्यांना बटन टायर म्हणतात, ते उंच गुठळ्यांचे टायर हौसेने बसवू नयेत. चिखलात ते घट्ट धरतात; ओल्या डांबरावर मात्र त्यांची पकड कमी पडते, आणि शंभरातले शहाण्णव किलोमीटर तर डांबराचेच. मध्यम नक्षीचे, दोन्हींकडे चालणारे टायर पुरेत. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील सर्व दुचाकींना एबीएस बंधनकारक आहे. सुट्या खडीच्या उतारावर ते ब्रेकचे अंतर वाढवते, म्हणून काही गाड्यांत मागच्या चाकापुरते ते बंद करण्याची सोय असते. सोय चांगली, मात्र डांबर लागताच ते पुन्हा सुरू करण्याची सवय अंगी बाणली नसेल, तर ती नसलेली बरी.

आता आईचा प्रश्न. ८२० ते ८३५ मिलिमीटर उंचीचे आसन म्हणजे मागची बैठक त्याहूनही वर. साठीच्या बाईने साडी सावरत तिथे चढायचे म्हणजे कसरतच. हातपकड, पावटे आणि मागच्या चाकाचे निम्मे आच्छादन हे नियमानेच आवश्यक आहे. तरी हौशी तरुण ‘वजन कमी करायला’ साडीगार्ड पहिल्याच आठवड्यात काढून टाकतात. ज्या घरात ही एकच दुचाकी असणार, तेथे खरेदीपूर्वी आईला दुकानात न्यावे आणि तिला बसवून पाहावे. जमत नसेल, तर घरची जुनी स्कूटर विकू नये. दोनशे सीसी घेऊन वाचलेल्या पैशांत ती सुखाने नांदते.

स्वाराच्या पोशाखाचा खर्च गाडीच्या किमतीतच धरावा. आयएसआय चिन्हाचे, हनुवटी झाकणारे शिरस्त्राण, हातमोजे, गुडघ्यांची कवचे, घोट्याच्या वर येणारे बूट. या व्यवसायात चामड्याचा बोलबाला मोठा आहे, आणि ज्यांच्या घरी चामडे येत नाही अशी मुले तेवढ्यावरून साध्या शर्टात निघतात. त्याची काही गरज नाही. जाड नायलॉन आणि कॉर्ड्युरा यांची जाकिटे व हातमोजे सर्वत्र मिळतात, आपल्या उष्ण हवेत ती अधिक सोसवतात आणि पावसानंतर लवकर वाळतात. बुटांच्या बाबतीत मात्र चिठ्ठी वाचूनच घ्यावे; बाहेरून कृत्रिम दिसणाऱ्या बुटाला आतून चामड्याचे तुकडे असतात.

राहिला प्रश्न जायचे कुठे, याचा. जी वाट मोकळी दिसते ती सर्वांना मोकळी असतेच असे नाही. मुळशी-वेल्ह्याकडे जून-जुलैत भातखाचरांचे बांध ओले असतात. एक चाक बांधावरून गेले, की साठवलेले पाणी फुटून जाते आणि शेतकऱ्याची आठवड्याची मेहनत वाहून जाते. कासच्या पठारावर जांभ्या खडकावर मातीचा थर अगदी पातळ. सड्यावरची फुले त्यातच येतात, आणि टायरने तो उकरला गेला की लवकर भरून येत नाही. अभयारण्यांत आणि गडांवर तर वाहन नेऊच नये. पावसाळ्याच्या रात्री घाटरस्त्यांवर खेकडे आणि बेडूक मोठ्या संख्येने उतरतात. सूर्यास्तापूर्वी डांबरावर परतणे त्यांच्याही हिताचे आणि स्वाराच्याही. विम्याची अटही वाचून ठेवावी : संघटित शर्यत किंवा वेगाची चाचणी यांत झालेले नुकसान सामान्य पॉलिसी भरून देत नाही.

याच वाटांवर रोज पहाटे दुधाच्या किटल्या लादून, शंभर सीसीच्या साध्या गाडीवरून, चप्पल घातलेला दूधवाला निवांतपणे खाली उतरत असतो. त्याला ना २१ इंची चाक, ना उंच सस्पेन्शन. त्याला वाट पाठ असते आणि गाडी हलकी असते.

चाचणीसाठी गाडी मिळते तेव्हा विक्रेता सरळ, रुंद रस्त्यावर नेतो. त्याऐवजी गर्दीच्या वेळची वेळ मागावी, तिथेच ‘यू’ वळण घ्यावे, चढावर थांबून पुन्हा निघावे. दोन्ही पायांचे चवडे जमिनीला नीट टेकतात का, हे रोजचे बूट घालून पाहावे. आणि गाडी घरी आल्यावर पहिल्याच रविवारी घाटाकडे न धावता मित्राला सोबत घेऊन गवताच्या मैदानात जावे. इंजिन बंद करून गाडी हळूच आडवी करावी. तिच्याकडे पाठ करून खाली बसावे, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने आसनाखालची पट्टी धरावी, आणि कमरेवर भार न घेता पायांच्या जोराने मागे रेटत ती उभी करावी. तिसऱ्या वेळेसही एकट्याने उभी राहिली, तर पुढच्या रविवारी मुळशीकडे निघायला हरकत नाही.