एक रुपयात कवेलूंखाली मुक्काम

कॅलिफोर्नियात 1849 नंतर सोन्याच्या मागे माणसे धावली आणि त्यांच्यामागोमाग हॉटेले. नेव्हाडा सिटी नावाच्या खाणगावात 1856 साली उघडलेले नॅशनल एक्स्चेंज हॉटेल आजही लोक मुद्दाम जाऊन बघतात. खाण, बाजार आणि उतरायची जागा यांची मोट तिकडे अशी पहिल्यापासून बांधलेली असते. नागपूर जिल्ह्यातही खाणगावे आहेत. मनसर, कांद्री, बेलडोंगरी, गुमगाव या पट्ट्यातून सव्वाशे वर्षांपासून मँगनीज निघते आहे. पण त्या तोडीचे हॉटेल यांतल्या एकाही गावाच्या नावाला चिकटले नाही. इथे येणाऱ्याने कुठे उतरायचे हे खाण सुरू होण्याच्या कितीतरी आधी ठरून गेले होते. साहेबासाठी डाक बंगला, यात्रेकरूसाठी धर्मशाळा आणि मजुरासाठी त्याने स्वतः उभारलेली झोपडी.

यातल्या डाक बंगल्याची ही हकीकत.

नागपूरचे राज्य 1854 साली इंग्रजांच्या ताब्यात गेले. 1861 साली मध्यप्रांत तयार झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. कामठीची छावणी त्याच्याही आधीची, 1821 ची. नागपूरहून कामठी, कन्हान, मनसर, देवलापार, शिवनी करत जबलपूरला जाणारा रस्ता म्हणजे या प्रांताचा कणा होता. टपालाचे घोडे-हरकारे आणि दौऱ्यावरचे अधिकारी यांच्यासाठी एकेका मजलेवर बंगले बांधायची पद्धत कंपनी सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात देशभर रुजवली होती. व्यवस्था बांधकाम खात्याकडे, भाडे माणशी दिवसाला एक रुपया. चोवीस तास झाले आणि नवा प्रवासी दारात आला, की जुन्याने खोली सोडायची. अंथरूण-पांघरूण ज्याचे त्याने आणायचे. जेवणाचे खानसामा बघे. जेवण म्हणजे बहुधा कोंबडी, आणि तीही पाहुण्याच्या डोळ्यांदेखत अंगणात पळत असलेली. इंग्रजांच्या प्रवासवर्णनांत या कोंबडीवर इतके विनोद झालेत की तिची कीव यावी.

इमारत दिसायला साधी. कमरेएवढे उंच जोते, म्हणजे पावसाचे पाणी आणि साप दोन्ही बाहेर. हात-दीड हात जाडीच्या भिंती, चुन्याचा गिलावा. मधे जेवणाची मोठी खोली, दोन्ही बाजूंना निजायच्या खोल्या, आणि या सगळ्याला वेढा घालणारी रुंद ओसरी. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जाणाऱ्या मुलखात ही ओसरी हेच घराचे खरे यंत्र असते. ऊन भिंतीला शिवतच नाही, ओसरीच्या फरशीवर थांबते. छत उंच, आणि छताजवळ रोशनदाने. तापलेली हवा वर चढून तिथून निघून जाते. उन्हाळ्यात दारांना खसाच्या ताट्या लावायच्या आणि त्यांवर पाणी मारत राहायचे. आत दोरीचा पंखा, दोरी ओढणारा बाहेर ओसरीत. थंडावा आतल्याला, घाम बाहेरच्याला.

वर सागाच्या वाशांवर कवेलू. हे देशी कवेलू कुंभाराच्या चाकावरचे, अर्धगोल, हलके आणि ठिसूळ. दरवर्षी मृगाआधी छप्पर शाकारावे लागे. फुटके काढायचे, सरकलेले जागेवर बसवायचे. रामटेकच्या बाजूला तर वानरांचा उपद्रव वेगळाच. एका उडीत वीस कवेलू खाली. मंगलोरला बासेल मिशनने 1865 साली यंत्रावरची चपटी कौले काढायला सुरुवात केली आणि रेल्वेने ती दूरदूर पोचवली. सरकारी इमारतींवर ती हळूहळू चढली. ती एकमेकांत अडकून बसतात, वानरालाही सहसा दाद देत नाहीत. पण दोन थर देऊन बसवलेल्या देशी कवेलूंखाली जो गारवा असतो तो या कौलांखाली नाही, असे विदर्भातली जुनी माणसे सांगतात. मला ते पटते.

नकाशात खरी बोलकी जागा मात्र मागच्या बाजूला आहे. प्रत्येक निजायच्या खोलीला लागून न्हाणी, आणि न्हाणीला बाहेर उघडणारे स्वतंत्र दार. कमोड साफ करणाऱ्या माणसाला घरात पाऊल न टाकता काम उरकता यावे, म्हणून ते दार. पाणी आणणाराही त्याच दाराने ये-जा करी. बबर्चीखाना मुख्य घरापासून दहा-वीस पावले दूर, धूर आणि आग दोन्ही लांब राहावीत म्हणून. त्यापलीकडे तबेला, विहीर, नोकरांच्या खोल्या. बंगल्याला पुढून एकच वाट आणि मागून अनेक दारे. कोणी कुठून यायचे हे गवंड्याने भिंतीतच लिहून ठेवले होते.

कागदोपत्री डाक बंगला भाडे भरणाऱ्या कोणालाही खुला होता. प्रत्यक्षात रुपयाचे भाडे आणि खानसाम्याच्या हातची कोंबडी या दोन अटींतच बहुतेक हिंदी प्रवासी गळून पडत. ते सराईत नाहीतर धर्मशाळेत उतरत. रामटेक जवळच असल्याने या भागात धर्मशाळांची रीत जुनी. त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेला येणाऱ्यांना अंबाळा तलावाच्या काठचा आसरा ठाऊक असे. तिथे भाडे नव्हते, जात मात्र विचारली जाई.

आता खाणींकडे. 1896 साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट स्थापन झाले आणि विसावे शतक उजाडता उजाडता मनसरला मँगनीज खणायला सुरुवात झाली. सुरुवातीचे काम डोंगराच्या अंगावरच होते. काळे, जड खनिज उघड्यावर दिसत असे. ते फोडायचे, निवडायचे, बंडीत घालायचे आणि रेल्वेपर्यंत न्यायचे. रॉबर्ट हॅडफिल्डने 1882 साली मँगनीज पोलाद बनवले होते आणि रुळांच्या सांध्यांपासून दगड फोडणाऱ्या यंत्रांपर्यंत त्याला मागणी होती. शिवाय साध्या पोलादालाही मँगनीजवाचून चालत नाही. वितळलेल्या लोखंडातला प्राणवायू आणि गंधक ते ओढून घेते. त्यामुळे मनसरचा दगड आठशे किलोमीटरहून अधिक रेल्वेप्रवास करून मुंबई बंदरात आणि तिथून युरोपात जाऊ लागला. पुढे 1933 साली विशाखापट्टणमचे बंदर सुरू झाले, त्यामागेही मध्यप्रांतातले मँगनीज हे एक मोठे कारण होते.

या धंद्याने बंगल्यांना नवे पाहुणे दिले: कंपनीचे एजंट, रेल्वेचे इंजिनिअर आणि भूवैज्ञानिक. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे लुईस फर्मोर थंडीच्या दिवसांत हा मुलूख पायाखाली घालत. भारतातल्या मँगनीजवर 1909 साली आलेला त्यांचा ग्रंथ हजारांहून अधिक पानांचा आहे. मँगनीजयुक्त गार्नेट आणि गारेच्या एका खडकाला त्यांनी गोंडांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले, आणि ते जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेले. पुढे भूवैज्ञानिक वेस्ट यांनी देवलापारजवळच्या खडकांच्या उलथापालथीवर लिहिले. ‘देवलापार नॅप’ (नॅप म्हणजे मूळ जागेवरून सरकून दुसऱ्या खडकांवर बसलेला थर) हे नाव भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आजही पाठ असते. मनसरचे नावही एका खडकथराला आहे. नागपुरातल्या किती जणांना हे माहीत असेल?

बंगल्यांचे जाळे होते म्हणून सगळे सुखाने हिंडत, असे मात्र नाही. जमशेटजी टाटांनी 1882 साली चांद्याजवळच्या लोहाऱ्याच्या लोखंडाचा आणि वरोऱ्याच्या कोळशाचा अहवाल वाचला आणि पोलादाचा ध्यास घेतला. 1904 साली त्यांचे चिरंजीव दोराबजी, भाचे शापुरजी सकलातवाला आणि अमेरिकन भूवैज्ञानिक वेल्ड हे चांद्याच्या जंगलात बैलगाड्यांतून हिंडले. डाक बंगले मोठ्या रस्त्यांवर, लोखंड रानात. प्यायला धड पाणी मिळेना, म्हणून चहा सोडावॉटरमध्ये करावा लागला. शोध फसला. ते सांगायला दोराबजी नागपूरच्या सचिवालयात आले, साहेबाची वाट बघता बघता समोरच्या अजब बंगल्यात, म्हणजे 1863 च्या संग्रहालयात शिरले आणि तिथे मध्यप्रांताच्या भूशास्त्रीय नकाशावर दुर्ग जिल्ह्यातल्या लोखंडाची खूण त्यांना दिसली. या मुलखातल्या खाणींच्या इतिहासात सगळ्यात कामाला आलेला बंगला कुठला म्हणाल, तर मी हाच सांगेन. तिथे एक रात्र काढायचीही सोय नव्हती. 

मजुरांची सोय कोणत्याच नकाशात नव्हती. गोंड, महार, छत्तीसगडातून आलेली कुटुंबे. बायका टोपल्या वाहत, पुरुष फोडत. खाणीच्या कडेला कुडाच्या झोपड्या, पाणी जवळच्या नाल्याचे. खाणकामगारांच्या घरांचा, पाण्याचा, बाळंतिणीच्या रजेचा प्रश्न सरकारी टेबलावर नेटाने आला तो 1942 ते 1946 या काळात, व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरखाते सांभाळणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांमुळे. खाण-प्रसूतिलाभ कायद्यातली दुरुस्ती त्यांनीच मांडली. कोळसा खाणींत तर ते स्वतः जाऊन आले होते.

उतरायला जागा न मिळणे म्हणजे काय, हे बाबासाहेबांना अनुभवाने ठाऊक होते. 1917 साली बडोद्याला नोकरीवर रुजू होताना ते एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव सांगून राहिले आणि काही दिवसांतच लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी तो प्रसंग लिहून ठेवला आहे. 1956 च्या ऑक्टोबरात धम्मदीक्षेसाठी ते नागपुरात आले तेव्हा सीताबर्डीवरच्या श्याम हॉटेलात उतरले. दीक्षेच्या आदल्या दिवशीची पत्रकार परिषद तिथेच झाली. खाणपट्ट्यातल्या कुठल्याही बंगल्यापेक्षा या शहराच्या इतिहासात त्या हॉटेलाचे वजन जास्त आहे.

1962 साली या खाणींच्या इंग्रज कंपनीची मालमत्ता मँगनीज ओर (इंडिया) लिमिटेड, म्हणजे मॉइल, या नव्या कंपनीकडे आली. 1977 साली इंग्रज कंपनीकडे उरलेले मॉइलचे 49 टक्के भागभांडवलही सरकारने घेतले. डाक बंगल्यांची तोवर शासकीय विश्रामगृहे झाली होती. दोरीचा पंखा जाऊन विजेचा आला, कमोडाच्या जागी नळ आणि फ्लश. मागचे दार बहुतेक ठिकाणी विटांनी बुजवले आहे. गिलाव्याखाली त्याची चौकट नीट बघितली तर कळते. ओसरीला कुठे जाळी, कुठे ॲल्युमिनियमच्या खिडक्या लावून तिची खोली करून टाकली आहे, आणि मग खोली तापते म्हणून वातानुकूलन यंत्र बसवले आहे. कवेलू जाऊन टिन आले, टिन जाऊन स्लॅब आला. जबलपूर रस्ता चौपदरी झाला, दोन्ही बाजूंना ढाबे लागले, आणि ज्याला भूक लागते तो तिथेच थांबतो.

तरीही कोणाला जुन्या विश्रामगृहात राहायचेच असेल तर बांधकाम खात्याच्या अभियंत्याच्या कार्यालयात अर्ज करता येतो. भाडे अजूनही खाजगी हॉटेलांपेक्षा कमीच. अट एवढीच, की त्या दिवशी एखाद्या मंत्र्याचा दौरा निघाला तर आरक्षण रद्द होऊ शकते. साहेबाच्या काळात निदान चोवीस तासांची हमी होती.