गुरूच्या ध्रुवांवरील अदृश्य तेज

सूर्याकडून येणाऱ्या अतिनील किरणांचा, म्हणजे जुन्या परिभाषेतील जंबुपार किरणांचा, बराच मोठा आणि अधिक घातक भाग आपल्या मस्तकावरचा वायुपट अंतराळातच अडवून धरतो, आणि त्या बंदोबस्ताच्या आश्रयाने भूतलावरील जीवसृष्टी सुखाने नांदते. परंतु त्याच बंदोबस्तापायी परग्रहांच्या अतिनील तेजातला मजकूर वाचावयाचा झाल्यास ज्योतिर्विदांना आपली उपकरणे या वायुपटाच्या हद्दीबाहेर धाडावी लागतात. १९७९ साली व्हॉयेजर यानांनी गुरूच्या ध्रुवप्रदेशी असे तेज टिपले, पुढे हबल दुर्बिणीने त्याची चित्रे घेतली, आणि २०१६ पासून जुनो हे यान प्रत्यक्ष ध्रुवांवरून जात त्याचे निरीक्षण करीत आले आहे.

गुरूच्या प्रबळ चुंबकक्षेत्रात वेग घेतलेले इलेक्ट्रॉन वातावरणातील हायड्रोजनच्या रेणूंवर आदळतात, आणि क्षुब्ध झालेले ते रेणू पूर्वस्थितीस येताना अतिनील प्रकाश बाहेर टाकतात. त्या प्रकाशावरून आघाताची खोली ओळखण्याची जी युक्ती आहे, ती मला या साऱ्या शास्त्रातील सर्वांत सुंदर युक्ती वाटते. मिथेन हा हायड्रोजनहून जड असल्यामुळे एका मर्यादेच्या वर फारसा चढत नाही. सुमारे १४० नॅनोमीटरहून आखूड लहरी तो मोठ्या प्रमाणात शोषतो, तर १५५ नॅनोमीटरपलीकडील लहरींना बहुतांशी वाट देतो. म्हणून आखूड लहरी जितक्या अधिक क्षीण होऊन आपल्यापर्यंत पोचतील, तितके इलेक्ट्रॉन मिथेनच्या थरात खोल शिरले, अर्थात तितकी त्यांची ऊर्जा मोठी, असा दाखला मिळतो. ध्रुवांवरच्या ज्या थरात एकही यंत्र उतरविलेले नाही, त्याची खबर अशी कोट्यवधी किलोमीटरांवरून हाती येते!

गुरूच्या मुलुखात त्याच्या चंद्रांचाही अंमल चालतो. त्यांपैकी आयो या चंद्राच्या ज्वालामुखींतून निघालेल्या वायूंपैकी दर सेकंदास सुमारे एक टन द्रव्य अवकाशात निसटते आणि विद्युद्भारित होऊन त्याच्या कक्षेभोवती कडे करून राहते. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, आयोला मात्र एका प्रदक्षिणेस साडेबेचाळीस तास लागतात. त्यामुळे गुरूबरोबर फिरणारे चुंबकक्षेत्र आयोला सतत मागे टाकीत पुढे धावते, आणि त्या ओढाताणीतून उपजलेला विद्युत्प्रवाह चुंबकरेषांच्या वाटेने गुरूच्या ध्रुवप्रदेशी उतरतो. तेथे अतिनील चित्रांत एक तेजस्वी ठिपका उमटतो, त्यामागे अंधुक शेपूट रेंगाळते. आणि खालचे मेघमंडल झपाट्याने पुढे निघून जात असता तो ठिपका मात्र आयोचीच संगत धरून राहतो.