काळ्या पाषाणाखाली

एक रुपयाची नोट हल्ली पूजेच्या ताटात नाहीतर नवरदेवाच्या हारातच दिसते. हाती आली तर उलटून पाहावी. मागच्या बाजूला समुद्रात पाय रोवून उभे असलेले एक अवाढव्य यंत्र छापलेले असते. ते ‘सागर सम्राट’. फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, जेमतेम ७५ मीटर खोल पाण्यात, त्याने समुद्रतळ भेदला आणि तेल लागले. त्याआधी काही महिन्यांतच जगात तेलाचे भाव चौपट झाले होते.

या कहाणीतला एक तपशील मला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्या जागी समुद्राखाली मोठा उंचवटा आहे, हे साठच्या दशकाच्या मध्यालाच समजले होते. ‘अकादमिक अर्खांगेल्स्की’ या सोव्हिएत जहाजाने खंबातच्या आखाताकडे भूकंपलहरींचे सर्वेक्षण केले, तेव्हा तो दिसला. जवळजवळ दहा वर्षे आपण ठिकाण जाणून होतो, पण खोदायचे साधन नव्हते. आज परिस्थिती नेमकी उलट आहे. साधन भाड्याने मिळते. कुठे खोदायचे, ते मात्र निम्म्या देशाबद्दल सांगता येत नाही.

ते का, हे समजायला आधी तेल कसे शोधतात ते पाहू. जमिनीवर किंवा पाण्यात कृत्रिम हादरा द्यायचा. लहरी खाली जातात, खडकांच्या प्रत्येक सीमेवरून थोड्या परततात. किती वेळाने परतल्या, यावरून थरांचे चित्र काढायचे. मऊ, एकसारख्या गाळाच्या खडकांत हे चित्र सुरेख उमटते. बेसॉल्टमध्ये उमटत नाही. आपल्या विहिरी खणणाऱ्यांना त्याचे कारण भूशास्त्रज्ञांइतकेच ठाऊक आहे: वर कठीण पाषाण, खाली सच्छिद्र मांजऱ्या, मध्ये तांबड्या मातीचा पट्टा, पुन्हा पाषाण. लाव्ह्याच्या अशा थरांवर थर. प्रत्येक थरात लहरी विखुरतात, ज्या खाली पोचतात त्या परत वर येईपर्यंत क्षीण होतात. थोडक्यात, काळा पाषाण म्हणजे गढूळ काच.

आणि ही काच महाराष्ट्राच्या बहुतेक भागावर अंथरलेली आहे. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या या दख्खनच्या पाषाणाने देशाची सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापली आहे. गंमत अशी, की मुंबई हायच्या खाली हाच पाषाण बऱ्याच ठिकाणी तळ म्हणून सापडतो. तेल त्याच्या वर, पुढे साचलेल्या चुनखडकात आहे. समुद्रात जी फरशी, तीच जमिनीवर छत. गुजरातेत पाद्र्याला तर खुद्द या पाषाणाच्या भेगांतून तेल निघते.

छताखाली काय आहे, याची दोन विश्वसनीय उत्तरे आपल्याला मिळाली ती तेलासाठी नव्हे, भूकंपांमुळे. किल्लारीत १९९३ च्या हाहाकारानंतर शास्त्रीय विहीर खोदली. पाषाण ३३८ मीटर, त्याखाली अवघा आठ मीटर गाळ, मग पुरातन ग्रॅनाइटी खडक. कोयनेजवळची तीन किलोमीटर खोल पथदर्शी विहीर सुमारे सव्वा किलोमीटर पाषाणातून गेली आणि थेट ग्रॅनाइटमध्ये शिरली. तेल जन्मते ते सेंद्रिय द्रव्य कुजून मुरलेल्या गाळात; ग्रॅनाइटात नव्हे. तेव्हा या दोन ठिकाणी तरी उत्तर ‘नाही’ असे आहे.

उत्तरेकडे मात्र चित्र वेगळे आहे. सौराष्ट्रात लोधिका येथे पाषाण भेदल्यावर खाली मध्यजीव काळातला जाड गाळ लागला. नर्मदा आणि तापी यांच्या दरम्यान खोल लहरी-सर्वेक्षणांतून असाच गाडला गेलेला गाळ सूचित झाला आहे. नागपूर–चंद्रपूरकडे कोळसा असलेले गोंडवन थर पाषाणाखाली शिरताना दिसतात. गाळ म्हणजे तेल नव्हे, हे खरे. पण इथे उत्तर ‘नाही’ असे नसून ‘माहीत नाही’ असे आहे, आणि कागदोपत्री आपण या दोन्हींची सरमिसळ करतो.

देशाचे गाळाचे प्रदेश २६, क्षेत्रफळ सुमारे ३३.६ लाख चौरस किलोमीटर. त्यांच्या तीन श्रेणी आहेत: उत्पादन चालू असलेले, साठा सापडूनही उत्पादन नसलेले, आणि केवळ शक्यता असलेले. दख्खनचा प्रदेश तिसऱ्या श्रेणीत बसतो. दरम्यान मुंबई हाय म्हातारे झाले. ऐंशीच्या दशकात ते दिवसाला पावणेपाच लाख पिंपांच्या आसपास पोचले होते. आता त्याच्या एकतृतीयांशही नाही. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी सुमारे ८८ टक्के बाहेरून येते.

सरकारने काही केले नाही असे नाही. २०१६ पासून न तपासलेल्या भागांत ४८ हजार किलोमीटरहून अधिक लांबीच्या रेषांवर लहरी-सर्वेक्षण हाती घेतले. नव्या धोरणाने कंपनीला आपला भूभाग स्वतः निवडता येतो. पण निवडणार कशाच्या जोरावर? पहिल्या फेरीत ५५ पैकी ४१ गट एकट्या वेदांतने घेतले. परदेशी बड्या कंपन्या दूरच राहिल्या. पैसा साहजिकच ओळखीच्या खोऱ्यांकडे जातो.

अंदाज दोन्ही दिशांनी चुकतात, हेही लक्षात ठेवावे. बाडमेरमधून शेल बाहेर पडली आणि २००४ मध्ये केर्नला तिथे ‘मंगला’ सापडले. कृष्णा–गोदावरीच्या समुद्रात मात्र २००९ ला गाजावाजाने सुरू झालेला वायू दोन वर्षांतच ओसरू लागला. जम्मूतल्या रियासीचे ५९ लाख टन लिथियम २०२३ मध्ये बातम्यांत झळकले. तो आकडा प्राथमिक अनुमानाचा होता, आणि पुरेसे बोलीदार न आल्याने लिलाव रद्द करावा लागला.

माझे मत असे, की पाषाणाखालच्या पहिल्या काही विहिरी सरकारने स्वखर्चाने, तेलाची अपेक्षा न ठेवता खोदाव्यात. गढूळ काचेतून आंधळेपणी खोदायला कोणतीही कंपनी भागधारकांचे पैसे लावणार नाही, आणि तिला दोषही देता येणार नाही. किल्लारीची विहीर कोणी कोरडी म्हणत नाही. तिने ३३८ हा आकडा दिला. असा आकडा खानदेशासाठी दोन-चार जागी तरी हवा. एरवी आपल्या गावांत पाण्यासाठी सहाशे-सातशे फुटांचे बोअर रोज पडतात. त्यांतून वर आलेला काळा चुरा बांधावर पडून राहतो, आणि तो कितव्या फुटावरचा हे सहसा कोणी लिहून ठेवत नाही.