समुद्रपुष्पाला घाई मानवत नाही

एडिंबरा येथील वकील आणि निसर्ग अभ्यासक सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून एक लहानसे समुद्रपुष्प घरी आणले आणि काचेच्या बरणीत ठेवले. बरणीतील समुद्राचे पाणी नियमाने बदलले जाई, अधूनमधून शिंपल्याचे थोडे मांस दिले जाई. त्याची बडदास्त एवढीच. डॅलिएल १८५१ मध्ये निवर्तले. समुद्रपुष्प मात्र एका अभ्यासकाकडून दुसऱ्याकडे जात राहिले आणि थेट १८८७ मध्ये मरण पावले. तोवर ‘ग्रॅनी’, म्हणजे आजीबाई, या नावाने त्याची ख्याती झाली होती.

माणसाच्या पाळण्यात जवळजवळ साठ वर्षे जगू शकणारा हा जीव आज नवख्या हौशी मंडळींच्या घरी मात्र अनेकदा काही महिन्यांतच दगावतो. आधुनिक पंप, दिवे, गाळण यंत्रे दिमतीला असूनही असे का व्हावे? याचे उत्तर बव्हंशी एकाच शब्दात सापडते, तो म्हणजे घाई.

समुद्रपुष्प किंवा ‘सी ॲनिमोन’ हे नावाने फूल असले तरी तो प्राणी आहे. प्रवाळ आणि जेलीफिश यांचा आप्त. खडकाला घट्ट धरणारा मांसल पाय, मध्यभागी तोंड आणि त्याभोवती शुंडकांचे वलय अशी त्याची रचना असते. शुंडकांवरील दंशपेशी भक्ष्याला विषारी टोचणी देऊन बधिर करतात. क्लाऊनफिश हा नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा मात्र याच शुंडकांत निर्धास्त वावरतो. २००३ मध्ये आलेल्या ‘फाइंडिंग नेमो’ या चित्रपटाने ही जोडी घराघरांत पोहोचवली. साहजिकच खाऱ्या पाण्याची काचपेटी घेणाऱ्याला माशासोबत त्याचे ‘घर’ही पहिल्याच दिवशी हवेसे वाटते. चूक होते ती येथेच.

नव्या काचपेटीतील पाणी दिसायला निवळशंख असले तरी ते अद्याप ‘पिकलेले’ नसते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू खडकांवर व वाळूत स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. एवढ्या काळानंतर काटक मासे सोडता येतात, समुद्रपुष्प नव्हे. पाण्यातील लहानसहान चढउतारही त्याला सोसत नाहीत. म्हणूनच काचपेटीला किमान सहा महिने, शक्यतो वर्ष झाल्याखेरीज ते आणू नये, असा जाणत्यांचा सल्ला असतो. दरम्यानच्या काळात पाळणाराही पाणी तपासण्यात तयार होतो, हा दुहेरी लाभ.

नवशिक्यांसाठी त्यातल्या त्यात सोयीची जात म्हणजे शुंडकांची टोके बुडबुड्यासारखी फुगणारे ‘बबल टिप ॲनिमोन’. त्यासाठी काचपेटी निदान दीडशे लिटरची असावी. पेटी जितकी लहान, तितके पाणी लवकर बिघडते. तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस आणि पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास कायम राहिले पाहिजे. बाष्पीभवनाने पाणी उडते, मीठ मात्र मागे उरते; त्यामुळे घटलेली पातळी खाऱ्या नव्हे, तर गोड्या पाण्याने भरून काढावी लागते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. म्हणून आरओ यंत्राच्या पाण्यातच समुद्री मीठ मिसळणे इष्ट.

महाराष्ट्रातील शहरांत आणखी दोन अडचणी उद्भवतात. एप्रिल-मे महिन्यांत काचपेटीतील पाणी सहज तिशी ओलांडते. अशा वेळी पाण्यावर वारा घालणारा पंखा किंवा चिलर अपरिहार्य ठरतो. दुसरी अडचण विजेची. वीज गेली की पंप थांबतो आणि पाण्यातील प्राणवायू घटू लागतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी ठेवणे हा त्यावरील स्वस्त उपाय होय.

डॅलिएल यांच्या समुद्रपुष्पाला दिव्याची गरज पडली नाही, कारण ती थंड समुद्रातील जात होती. बबल टिपचे तसे नाही. उष्ण समुद्रातील या जातीच्या शरीरात सूक्ष्म एकपेशीय शैवाल राहते. ते प्रकाशाच्या साहाय्याने अन्न बनवते आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला देते. म्हणून प्रवाळांसाठी मिळणारे प्रखर दिवे आवश्यक असतात. शैवाल निघून गेले की समुद्रपुष्प पांढरेफटक पडते. दुकानात असे शुभ्र समुद्रपुष्प मोहक दिसते. वास्तविक ते उपाशी असते. भडक पिवळे वा जांभळे दिसणारे कित्येकदा चक्क रंगवलेले असते. तपकिरी किंवा हिरवट रंग, घट्ट मिटलेले तोंड, चिकट शुंडके आणि न फाटलेला पाय या निरोगीपणाच्या खुणा होत.

घरी आणल्यावर पेटीतील पाणी थेंबाथेंबाने मिसळून त्याला नव्या पाण्याची सवय करावी. जागा मात्र ते स्वतःच निवडते. पाय खडकाच्या कपारीत सुरक्षित वाटेपर्यंत ते पेटीभर सरकत राहते. या भटकंतीत पंपाच्या तोंडात ओढले जाऊन त्याच्या चिंधड्या उडतात, ही नित्याची दुर्घटना आहे. पंपाच्या तोंडाशी स्पंजचे आवरण बसवले की ती टळते. चिकटलेले समुद्रपुष्प ओढून काढू नये, पाय फाटतो. पेटीत हात घालताना हातमोजे घालावेत.

आठवड्यातून एक-दोनदा बिनमिठाच्या कच्च्या कोळंबीचा लहान तुकडा पुरतो. उरलेले अन्न लगेच काढावे. समुद्रपुष्प मधूनच आक्रसते आणि काही तासांनी पुन्हा फुलते. त्याने घाबरून जाऊ नये. परंतु तोंड दिवसभर उघडे राहिले, शरीर लिबलिबीत होऊन दुर्गंधी येऊ लागली, तर ते तत्काळ बाहेर काढावे. अन्यथा कुजणाऱ्या शरीरामुळे पेटीतील मासेही मरतात. माशांच्या रोगांवरील तांबेयुक्त औषधे समुद्रपुष्पाला विषासमान असतात, हेही ध्यानात ठेवावे.

या साऱ्या खटाटोपाची एक बाजू पेटीबाहेरची आहे. समुद्रातून उचललेल्या प्रत्येक समुद्रपुष्पाबरोबर तेथील क्लाऊनफिशचा आसरा हिरावला जातो. बबल टिप पेटीतही दुभंगून एकाचे दोन होते. तेव्हा समुद्रातून आणलेल्यापेक्षा पेटीत वाढलेले मागून घ्यावे. क्लाऊनफिशच्या प्रजननाचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विकसित केले आहे. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवर ओहोटीच्या वेळी समुद्रपुष्पे दिसतात. ती पाहावीत, उपटून आणू नयेत. सजावटीसाठी प्रवाळाचे तुकडेही घेऊ नयेत. कठीण प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाचे संरक्षण आहे.

आणि समुद्रपुष्पाविना क्लाऊनफिशचे कसे होणार? काचपेटीत त्याला भक्षकाचे भय नसते, त्यामुळे तो एकटाही उत्तम जगतो. तेव्हा पहिले वर्ष माशांचे आणि पाण्याचे समजावे. समुद्रपुष्प त्यानंतर आणले, तर ते पाळणाऱ्याच्या मुलांनाही पाहता येईल.