कंपवात आणि हरवलेली उमेद

"डॉक्टर, गोळ्यांनी हाताची थरथर कमी झाली, पण हे दिवसभर नुसते बसून असतात. नातू आला तरी बोलत नाहीत. मुद्दाम करतात का हो?" कंपवाताच्या, म्हणजेच पार्किन्सनच्या रुग्णांच्या घरची मंडळी मला हे नेहमी विचारतात.

मुद्दाम नाही. या आजारात मेंदूतील डोपामिन हे द्रव्य कमी होते. हालचालीप्रमाणेच काम करण्याची उमेदही त्यावर अवलंबून असते. सुमारे ४० टक्के रुग्णांत असा निरुत्साह आढळतो. काहींत तर थरथर सुरू होण्याआधीच.

नैराश्यात माणूस दुःखी असतो, स्वतःला दोष देतो. येथे दुःख असेलच असे नाही. कशात रसच उरत नाही. दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून डॉक्टरांना जरूर सांगावे.

घरच्यांनी टोचून बोलू नये. "फिरायला जायचे का?" असे विचारले की "नको" हेच उत्तर येते. त्यापेक्षा रोजची वेळ ठरवावी आणि "चला, पाच वाजले" म्हणून चपला पुढे ठेवाव्यात. कामे लहान द्यावीत. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत किंवा वाढवू नयेत.